दोरावरचं नाव

केसरबाई भिंतीच्या मध्यावर अडकल्या होत्या आणि खाली दोर धरून उभे असलेले बाबा त्यांना विचारत होते, आजची भेंडी कोवळी आहे का.

“भेंडीले लागो आग! माहा पाय लटलट कापून राह्यला अन् तुम्हाले भाजी सुचते?”

“पाय कापते म्हणूनच तं भाजी विचारली. डाव्या गुडघ्यापाशी लाल खुटी हाय. तिच्यावर पाय ठेवा, मंग सांगा, कोवळी हाय का जून.”

केसरबाईंनी खाली न बघता पाय चाचपत सरकवला. खुंटी सापडली. भिंतीला गाल टेकवूनच त्या ओरडल्या, “कोवळीच हाय! माह्या टोपल्यात जून भेंडी पाह्यली काय कधी?” आणि त्याच रागाच्या भरात दोन खुंट्या आणखी वर गेल्या. नऊवारीच्या कासोट्यावरून कमरेला आणि मांड्यांना आवळलेला चढाईचा पट्टा, पायात तंग बूट, कपाळावर मोठं कुंकू. बाजाराचा दिवस सोडला तर रोज दुपारी, भाजी संपली की त्या येत. एकदा आईला मेथी द्यायला इथे आल्या होत्या, भिंतीकडे मान वर करून बघत राहिल्या आणि “हे मले जमन काय हो?” असं विचारून बसल्या. तेव्हापासून सुटल्या नाहीत.

तो बुधवार होता की गुरुवार, मला आठवत नाही. इतका साधा दिवस होता. मी आदल्या रात्री पुण्याहून आले होते. आई दाराशी खुर्ची टाकून लसूण सोलत होती. दवाखान्यातली पाळी संपवून आलेली डिंपल सिस्टर गादीवर बसून बूट चढवत होती आणि केसरबाईंना चिडवत होती, “मावशी, वर गेल्यावर छपरातलं जाळंबी काढून घ्या बरं.”

“तू ये ना वर, तुह्याच तोंडानं काढतो.”

आमची भिंत जळगाव जामोदच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आहे. पूर्वी जिथे कापसाचे ढीग छताला लागायचे तिथे आता लाकडी फळ्यांची उंच भिंत आहे, तिच्यावर रंगीत खुंट्या आहेत आणि खाली बाबांनी रद्दी कापूस भरून शिवून घेतलेल्या जाड गाद्या आहेत. बाहेर ‘सातपुडा भिंत-चढाई केंद्र’ अशी पाटी लावली आहे, पण गावात सगळे तिला किसनरावांची भिंत म्हणतात. सुरुवातीला लोक दारात उभे राहून विचारायचे, “भिंतीवर चढाले शिकवता म्हंते? मंग पाल कोठी शिकली असन हो?” बाबा म्हणायचे, “पालीले दोर लागत नाई. तुम्हाले लागन. या आत.”

बाबांचं सगळं तरुणपण विहिरींत गेलं. शेतकऱ्याची मोटार बिघडली की बाबा कमरेला दोर बांधून विहिरीत उतरायचे, मोटार सोडवायचे, नाहीतर पाइपाच्या तळाची झडप बदलायचे. त्या झडपेला आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, माझे बाबा विहिरीत जाऊन फुटबॉल खेळतात. पुढे बोअर झाले, पाण्यात बुडणाऱ्या मोटारी आल्या आणि विहिरीत उतरणाऱ्या माणसाला बोलावणं येईनासं झालं. त्याच सुमाराला ते एकदा माझ्याकडे पुण्याला आले. माझ्या खोलीजवळच एका इमारतीत अशी चढायची भिंत होती. सहज दाखवायला नेलं, तर बाबा संध्याकाळपर्यंत तिथून हलेनात. मुलं चढत होती, खाली कोणीतरी दोर धरत होतं, आणि बाबा हात मागे बांधून दोराकडे बघत होते. परत येताना रस्त्यात एवढंच म्हणाले, “पुष्पे, आपून जनमभर खालीच उतरलो.”

गावी परतल्यावर त्यांनी शेड मिळवली, सुताराशी भांडून भांडून फळ्या ठोकून घेतल्या, आणि पहिल्या खुंट्या स्वतः बाभळीच्या कापल्या.

त्या भिंतीचा एक नियम आहे. तो पुण्याचा नाही, विहिरीचा आहे. दोर धरणाऱ्याने चढणाऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि मग म्हणायचं, ‘धरलं.’ चढणाऱ्याने म्हणायचं, ‘निघालो.’ मान हलवलेली चालत नाही, हात दाखवलेला चालत नाही, नुसतं ‘धरलं’ तर अजिबात चालत नाही. कारण एका विहिरीत बाबा आणि त्यांचा जोडीदार गोविंदा, दोघे कपारीला धरून लटकले होते. वरून हाक आली, ‘धरलं.’ हाक बाबांसाठी होती. गोविंदाला वाटलं आपल्यासाठी, आणि त्याने हात सोडला. तो वाचला, पण आजही एक पाय ओढत चालतो.

त्यानंतर बाबांचा दोर आई धरू लागली. बाई विहिरीच्या काठावर पाय रोवून उभी राहते आणि चारचौघांत नवऱ्याचं नाव घेते, म्हणून शेजारणी तिला खूप बोलल्या. आईने त्यांना सांगितलं, “वर आले का अहो म्हणीन. खाली असले का नावच घेईन.” मग तीच आई घरी येऊन म्हणायची, “अहो, हात धुऊन घ्या.”

मला घरात सगळे पुष्पी म्हणतात. माझं पूर्ण नाव बाबांच्या तोंडून फक्त भिंतीपाशी ऐकू यायचं. “पुष्पांजली, धरलं.” मी फार चांगली चढणारी नाही. उंचावर गेले की हाताला घाम येतो. पण ते वाक्य ऐकण्यासाठी मी दर सुट्टीत एकदा तरी चढायचे.

त्या दिवशी डिंपलचं चढून झालं आणि आवराआवर सुरू झाली. जिनिंगचे उंदीर अजून तिथेच राहतात आणि पट्टे कुरतडतात. म्हणून बाबा रोज संध्याकाळी सगळे पट्टे एका दोराला बांधून वर अधांतरी ओढून ठेवत. इथेही नियम होताच. दोराला बांधलेलं काहीही नाव घेतल्याशिवाय वर जात नसे. जो पट्टा ज्याचा नेहमीचा, त्याचं नाव.

“केसरबाई, धरलं,” बाबा रिकाम्या पट्ट्याला म्हणाले.

“निघालो बाप्पा निघालो,” केसरबाई टोपली डोक्यावर घेत दारातून ओरडल्या. “पट्टाच जाऊ द्या वर, मी चालली घरी.”

“डिंपल, धरलं.”

“निघाली!” सायकलवर बसता बसता तिने उत्तर दिलं.

पट्ट्यांचा घोस हलत हलत वर गेला. बाबांनी दोर खालच्या लोखंडी कडीला बांधला. स्वतःचा पट्टा मात्र त्यांनी वर धाडला नव्हता. त्यांनी तो कमरेला आवळला आणि भिंतीच्या टोकाकडे गेले. तिथे त्यांनी त्या महिन्यात नवी वाट लावली होती, सगळ्या पिवळ्या खुंट्या. ती थेट छपराखालच्या खिडकीपाशी जाते. त्या खिडकीतून सातपुडा दिसतो. बाबांनी ती खिडकी शिडी लावून साफ केली होती, पण चढून तिच्यापर्यंत ते कधीच गेले नव्हते. आईचा खांदा आखडला होता, तिला दोर धरवत नव्हता. डिंपल वजनाला इतकी हलकी की बाबा घसरले असते तर तीच वर गेली असती. सगळ्यांचा दोर धरणाऱ्या माणसाचा दोर धरायला कोणी उरलं नव्हतं.

“पुष्पे, ये,” ते म्हणाले. “तुह्यानं होते. वजनबी बरं वाढवलं पुण्यात.”

“बाबा!”

“खोटं बोललो काय?”

मी हसत जाऊन दोर घेतला. कडीतून ओवला, जास्तीचा ओढून घेतला, पाय रोवले. बाबांनी आपल्या बाजूची गाठ बांधली, मला दाखवली, भिंतीवर दोन्ही हात ठेवले आणि थांबले.

“बाबा, धरलं,” मी म्हणाले.

ते हलले नाहीत. “कोणाले?”

“तुम्हाले.”

“नाव घे.”

मी आईकडे पाहिलं. ती लसणाची सालं वाऱ्यावर उडवत होती, आणि तिला हसू येत होतं.

“बाबाच म्हणते ना मी. दुसरं कोण हाय इथं?”

“मले तं डिंपलबी बाबा म्हणते. शाळेतल्या पोरी म्हणतात. अर्धा गाव म्हणते. बाबा घरातला. दोरावर मी किसनराव.”

साधं नाव. माझ्या प्रत्येक कागदावर माझ्या नावापुढे ते लिहिलेलं आहे. ते लिहिताना कधी हात अडला नाही. पण त्यांच्यासमोर उभं राहून, त्यांच्या तोंडावर, नुसतं नाव? मी तोंड उघडलं आणि हसूच आलं. पुन्हा उघडलं, तर कान तापले. बाबांची पाठ माझ्याकडे होती. मला वाटतं, मला लाज वाटू नये म्हणूनच ते वळले नव्हते.

“आई, तू घे ना माह्या ऐवजी.”

“ज्याच्या हातात दोर, त्यानं नाव घ्यावं,” आई म्हणाली. “मले पह्यल्यांदा किती दिवस लागले, विचार तुह्या बापाले. हे विहिरीत अन् मी वरून नुसती खोकलून राह्यली.”

“दोनदा पाण्यात डुबलो तुह्या खोकल्यापायी,” बाबा म्हणाले.

आम्ही तिघंही हसत सुटलो. मग बाबांनी भिंतीवरचे हात काढले आणि पट्टा ढिला केला. “राहू दे. उद्या घे. भिंत काई पयून नाई चालली.”

गाठ तशीच ठेवून त्यांनी पट्ट्यातून एक एक पाय बाहेर काढला. उद्या लागणारच, म्हणून तो वर नेला नाही. गादीच्या कडेला नीट ठेवला आणि उंदरांसाठी त्यावर लोखंडी घमेलं पालथं घातलं. जाताना घमेल्यावर बोटांनी टकटक केलं, आत कोणी झोपलंय असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी आईला हाक मारून सांगितलं, चहात आलं टाक. आई आलं किसून, चहा गाळून बाहेर आली. एवढ्याच वेळात ते गेले होते. खांबाला टेकून, चप्पल पायात, उजवा हात मांडीवर उघडा.

पुढचे दिवस कसे जातात ते सगळ्यांना माहीत आहे. माणसं येतात, बसतात, उठतात. गोविंदाकाका पाय ओढत आले आणि अंगणात तासभर उभे राहिले. कोणीतरी मला म्हणालं, चालता-बोलता गेले, भाग्याचं मरण. मी मान हलवली. पुस्तकांत दुःखाबद्दल मी बरंच वाचलं आहे. त्यातलं काही आठवलं नाही. आठवत होतं ते घमेल्यावरचं टकटक.

तेरावं झालं, पाहुणे गेले. माझी रजा संपत आली होती. एका दुपारी केसरबाई आल्या. टोपलीतली भेंडी त्यांनी आईच्या पदरात ओतली आणि अंगणातच बसल्या.

“वहिनी, भिंत उघडता का नाई?”

“मले काय विचारता. माहा खांदा हा असा.”

“डिंपल म्हंते ती धरीन दोर. दोन पोरी तयार करीन म्हंते.” मग माझ्याकडे वळून, “पण तिले ते घमेलं हलवाची हिंमत नाई होऊन राह्यली. मलेबी नाई. त्या घमेल्याच्या बाजूनं कसं चढावं माणसानं?”

आईने भेंडी सुपात घेतली, एक मोडून पाहिली आणि खाली ठेवली. “चला,” म्हणाली.

आम्ही शेड उघडली. डिंपल आधीच बाहेर उभी होती. आत कापसाचा आणि जुन्या लाकडाचा तोच वास होता. घमेलं होतं तिथेच होतं. पिवळ्या वाटेचा दोर त्याच्या काठाखालून निघून सरळ वर छपराकडे गेला होता, आणि तिथून दुसऱ्या बाजूने खाली येऊन मोकळा लोंबत होता.

कोणी पुढे झालं नाही. मग मीच वाकून घमेलं उचललं.

पट्टा जसाच्या तसा होता. उंदरांनी त्याला तोंड लावलं नव्हतं. पायांच्या जागचे दोन गोल अजून उघडे होते, बाबांनी पाय बाहेर काढले तेव्हा राहिले तसेच. आणि गाठ. बाबांची गाठ, जिची शेपटी ते नेहमी जरा जास्तच लांब ठेवायचे.

“सोडून घेऊ का?” डिंपलने हळूच विचारलं.

“नको,” आई म्हणाली. “वर जाऊ दे त्याले. बाकीच्याइच्या जवळ.”

मी दोराच्या दुसऱ्या बाजूला गेले. कडीतून ओवला. जास्तीचा ओढून घेतला, तसा पट्टा गादीवर किंचित हलला, उठून बसल्यासारखा. मी पाय रोवले आणि थांबले. सगळ्याच थांबल्या. नियम सगळ्यांनाच माहीत होता.

केसरबाईंनी पदराने नाक पुसलं. “पोरी, तुह्यानं होत नसन तं मी घेतो नाव. मले काय, माहे तं गिऱ्हाईकच होते.”

“नाई,” आई म्हणाली. तिचा हात दुखऱ्या खांद्यावर होता, आणि नजर माझ्याकडे नव्हती, वर त्या खिडकीकडे होती. “दोर तिच्या हातात हाय.”

खिडकीत ऊन होतं. खालून डोंगर दिसत नाही, तिथवर जावंच लागतं. मी दोर दोन्ही हातांत घट्ट धरला. या वेळी हसू आलं नाही, कानही तापले नाहीत. मी मान वर केली आणि शेडच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

“किसनराव, धरलं.”