मालरेचं गवत

विळ्याचा तिसरा घाव बसला तेव्हा कुठे वेलीचा तो मनगटाएवढा बुंधा तुटला, आणि म्हातारा इन्सोप मागच्या मागे गवतात बसला.

"आजोबा! लागलं?" हांका धावत आली.

"मला काय धाड भरलीय! तू ओढ. सोडू नकोस तिला."

हांकाने वेल खांद्यावर घेतली आणि बैलासारखी पुढे झुकून ओढायला लागली. मुळांसकट अर्ध्या कबरेवरचं हिरवं जाळं उचकटून आलं. पोरगी दणकट होती. आली होती पोलंडहून, कोरियातला छुसोकचा, सुगीचा नि पितरांचा सण खऱ्याखुऱ्या गावात बघायचा म्हणून, आणि उतरली होती इन्सोपच्याच घरी, मुलाच्या रिकाम्या खोलीत. खोली देण्याचा उद्योग मुलाचा, क्युतेकचा. सोलमध्ये बसून त्याने सगळं ठरवलं होतं. बाबांना तेवढीच सोबत, म्हणाला होता. हांका मालिका बघून बघून कोरियन शिकलेली. त्यामुळे ती कधी महाराणीसारखी बोलायची, कधी गल्लीतल्या गुंडासारखी. इन्सोपला पहिले दोन दिवस तिचा वैताग आला, मग गंमत वाटायला लागली.

"आजोबा, हे सगळं एका वर्षाचं गवत?"

"एका पावसाळ्याचं. यंदा पाऊस काय थोडा झाला?"

बोलून गेला खरा, पण त्यालाही ते पटेना. गेल्या वर्षी त्याने स्वतः इथं गवत कापलं होतं. एका पावसाळ्यात बुंधा एवढा जाड होतो? होत असेल. हल्ली काहीच पूर्वीसारखं राहिलेलं नाही. त्याने विळा पुन्हा हातात घेतला.

आज काम उरकायलाच हवं होतं. गेल्या महिन्यात क्युतेकने फोनवर सरळच विषय काढला होता. आईची कबर आता उकरून घेऊ, अस्थी सोलच्या अस्थिगृहात ठेवू, आणि बाबा, तुम्हीही इकडेच या. इन्सोपचं टाळकं सणकलं होतं. माझे पाय चालताहेत, डोकं ठिकाणावर आहे, तोवर मालरेला, तुझ्या आईला, कुणी हात लावायचा नाही, असं तो ओरडला होता. आचेवर विसरलेला भात, बसथांब्यावर उगाच बसून राहिलेला म्हातारा, हे सगळं शेजारणीने क्युतेकच्या कानावर घातलेलं, चोंबडी मेली. शेवटी बापलेकांत ठरलं. बाबांनी छुसोकच्या आधी डोंगरावर जाऊन आईच्या कबरेचं गवत कापायचं आणि फोटो पाठवायचा. मग क्युतेक पुन्हा तो विषय काढणार नाही. फोटो काढायला कुणीतरी हवं, असं सांगून इन्सोपने हांकाला बरोबर घेतलं. खरं तर एकट्याने वर चढायचा आता धीर होत नव्हता.

"आजोबा, दगड!"

वेलीखालून गुडघाभर उंचीचा एक दगड निघाला होता. हांका तळहाताने त्याच्यावरचं शेवाळ पुसत होती. "अक्षरं आहेत! मला चिनी अक्षरं येत नाहीत. तुम्ही वाचा ना."

इन्सोप जवळ येऊन दगडावर वाकला.

मालरेच्या कबरेला दगड नव्हता. ती गेली तेव्हा घालायचा राहिला. पुढच्या वर्षी घालू, त्याच्या पुढच्या वर्षी घालू, म्हणता म्हणता राहूनच गेला. ती बोच त्याला दर छुसोकला लागायची. दगडावर नाव होतं हाम घराण्यातल्या कुणा पुरुषाचं. ज्याचं कुणी उरलं नसावं, किंवा असून नसल्यासारखं असावं.

"वाचा ना! आजीचं नाव?"

पोरीच्या कपाळाला माती लागली होती. हातांवर वेलीचे ओरखडे. सकाळपासून राबत होती बिचारी.

"छा मालरे," इन्सोपने वाचलं.

"छा मालरे," हांका हळूच म्हणाली आणि तिने दगडाला मान लववली.

लघवीला जाऊन येतो असं सांगून तो झाडीत शिरला. मालरे इथंच कुठंतरी असणार. पाइनच्या झाडाखाली. पण पाइनची झाडं तर सगळीकडेच होती. गवतात बुडालेला कबरेचा एक उंचवटा दिसला, त्याच्यापुढे आणखी एक, वरच्या अंगाला दोन. सगळे सारखे. त्याने एकाचं गवत बाजूला करून पाहिलं, दुसऱ्याचं पाहिलं. बायकोला शोधत नवऱ्याने दारोदार फिरावं आणि कुठल्याच दारातून तिने ओ देऊ नये, तसं झालं. त्याला रडू फुटलं. चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिची जागा आठवू नये माणसाला?

नाक शिंकरून तो परत आला तेव्हा हांकाने सगळं मांडून ठेवलं होतं. सोंगप्योनच्या तांदळाच्या करंज्या, पेर, सुकवलेली मासळी, माक्कोलीची म्हणजे तांदळाच्या दारूची बाटली. आता काय करणार? त्याने वाटीत माक्कोली ओतली, कबरेभोवती शिंपडली.

"किती वेळा वाकायचं?"

"जिवंत माणसापुढे एकदा. गेलेल्यापुढे दोनदा."

दोघं दोनदा वाकली. कपाळ जमिनीला टेकलेलं असताना इन्सोप मनात म्हणाला, हाम, कोण असशील तो अस, पोटभर खा बाबा. आणि माझी बायको दिसली तर तिला सांग, म्हातारा येऊन गेला.

"आमच्याकडे नोव्हेंबरात सगळे कबरींवर मेणबत्त्या लावतात," हांका म्हणाली. "पूर्ण टेकडी उजळते. मी यंदा घरी नसणार."

"तुझ्या माणसांच्या कबरी तुला सापडतात?"

"म्हणजे काय? आई दाखवते ना." ती हसली.

इन्सोपने मान हलवली. मग घसा साफ करून म्हणाला, "फोटो मागच्या बाजूनं काढ हं. तिकडून उजेड चांगला आहे."

"फोटो? पाठवला मी! मी आधी उठले ना, तुम्ही अजून वाकलेले होतात तेव्हाचा. दगड, तुम्ही, पाइनचं झाड. इतका सुंदर आलाय!"

तो काही बोलायच्या आत त्याच्या खिशातला फोन वाजला. क्युतेक.

इन्सोपने मनाशी उत्तर जुळवलं. दगड यंदाच बसवला, कुणाला सांगितलं नव्हतं, तुला अचानक दाखवायचा होता. विचार म्हणावं, विचारू दे.

"बाबा, गवत छान कापलंय."

"मग! म्हटलं होतं ना तुला?"

"हो. म्हणाला होतात." पलीकडे कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला. "दमलात का?"

"दमायला काय झालं? डोळे मिटून येईन इथं."

दगडाबद्दल क्युतेक चकार शब्द बोलेना. आईची तिरडी त्याने स्वतःच्या खांद्यावरून वर आणली होती, माती स्वतःच्या हातांनी ओढली होती. इन्सोप फोन कानाला घट्ट दाबून वाट बघत राहिला. अरे, विचार ना, मेल्या. नेहमीसारखा भांड तरी.

"बाबा, जेवलात का?" क्युतेक म्हणाला. एवढ्या हळू आवाजात तो बापाशी कधीच बोलला नव्हता. "उतरताना सावकाश हं. हांकाचा हात धरा. मी शनिवारी येतो."

"तुला तर सुट्टी नव्हती."

"काढतो. तुमचे थोडे कपडे काढून ठेवा. नाहीतर राहू दे, मी आल्यावर बघू."

"बरं," इन्सोप म्हणाला.

हांका डबे आवरत होती. "मुलगा खूश?"

"खूश. येतोय."

"छुसोकला? अरे वा!" तिने टाळ्याच वाजवल्या. "बघा, फोटोची कमाल!"

ऊन कलायला लागलं होतं. इन्सोपने विळा फडक्यात गुंडाळला, काठी घेतली, दोन पावलं गेला आणि थांबला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळीकडे तेच गवत, तीच झाडं.

"पोरी," तो म्हणाला, "आपण वर आलो ते कुठल्या बाजूनं?"

म्हातारा आपली परीक्षा घेतोय असं वाटून हांका खळखळून हसली, आणि शाळेतल्या मुलीसारखं बोट वर करून तिने उजवीकडे दाखवलं.