बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव

खुशालरावांच्या घरीही त्रैक्य आहे, असं इंदूबाई म्हणायची. "बाप बोलते, पोरगा डोलते, अन् बायको आत्म्यावानी. हाय, पन दिसत नाही." बडनेऱ्याच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. कुंदाही हसायची.

खुशालराव रेल्वेतून निवृत्त झाले आणि चर्चच्या पंचकमिटीत चिकटले. बावीस वर्षं सेक्रेटरी. देवसुद्धा एकट्यानं राज्य करत नाही, तिघं मिळून राहतात; यांना मात्र शेजारच्या खुर्चीत माणूस बसलेला खपत नसे. पाळक वसंतराव भला माणूस. भला म्हणजे काय, खुशालराव खोकले तरी प्रार्थना आखूड करणारा. एवढंच, की उपासनेच्या पुस्तकाबाहेर त्यानं जन्मात पाऊल टाकलं नव्हतं.

कुंदा नांदगाव पेठेच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवायची. मशीनवर पाय ठेवताना, गॅस पेटवताना, बसमध्ये चढताना तिच्या ओठांत आपोआप यायचं: पिता, पुत्र, पवित्र आत्मा. शेजारच्या मशीनवरची पोरगी एकदा म्हणाली, "तीन तीन देव कायले पायजेत वो मावशी? एक पुरत नाही का?"

"एकच हाय बाई," कुंदा म्हणाली. "पन एकटा नाही."

तिची लेक साधना अकोल्याहून बाळंतपणाला आली आणि सातव्याच महिन्यात तिला कळा आल्या. मुलगी झाली, तळहाताएवढी. अमरावतीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली. दुपारी डॉक्टर म्हणाले, बोलवायचं त्याला बोलवून घ्या. बाप्तिस्म्याविना पोरगी जाऊ नये म्हणून कुंदानं पाळकांना फोन लावला, तो बंद. मग खुशालरावांना लावला.

"पाळक अकोल्याले मीटिंगमंधी हायेत," खुशालराव म्हणाले. "संध्याकाळच्या गाडीनं येतीन. तोवर थांबा."

मरणाला थांबायला सांगणारा हा पहिला सेक्रेटरी. कुंदानं फोन ठेवला. चंदा नावाच्या नर्सनं पेटीची खिडकी उघडली, स्टीलच्या ग्लासात उकळून निवलेलं पाणी आणून दिलं आणि बाजूला हात जोडून उभी राहिली. कुंदानं बोटं बुडवली. "प्राजक्ता, मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते." तीन नावं, तीन थेंब. मशीनवर पाय ठेवावा इतक्या सवयीनं.

पोरगी जगली.

तीन महिन्यांनी खुशालराव कुंदाच्या घरी आले. चहा बशीत ओतून म्हणाले, "त्रैक्य रविवारी बाप्तिस्मा ठेवला. पाळक पुस्तकातून इचारतीन, या बाळाचा बाप्तिस्मा आधी झाला आहे काय. तुमी म्हनाचं, नाही."

"पन झाला ना."

"तो बाप्तिस्मा नोहे. कॉलरी शिवनाऱ्या बाईनं पानी शिपडलं म्हनजे बाप्तिस्मा होते का?"

"येशूची यार्देन नदी दवाखान्यापासून दूर पडत होती, खुशालभाऊ."

"जीभ आवरा. आज बाप्तिस्मा देसान, उद्या प्रभुभोजन वाटसान. पोरीचं नाव रजिस्टरात पायजे का नाही?"

"नावं कोनाची घेतली ते तं इचारा. म्या माह्या नावानं नाही दिला."

"नावं तीच. पन घेनारा कोन, ते पाहा लागते."

"म्हनजे तुमी सही केल्याबिगर त्या तिघाइचं काई चालत नाही."

बशीतला चहा न संपवता खुशालराव उठले. साधना आतून सगळं ऐकत होती. "म्हनून टाक ना आई, नाही. एका शब्दानं काय होते? अकोल्याहून सासरचे येऊन राहिले. सगळ्याइसमोर तमाशा कायले?"

कुंदानं बशीतला उरलेला चहा मोरीत ओतला. एका शब्दानं काय होते? त्या दुपारी डॉक्टरनं हात वर केले होते, पाळकाचा फोन बंद होता, सेक्रेटरी गाडीची वेळ सांगत होता. तिनं ज्यांना हाक मारली ते तिघं तेवढे आले होते. आता भरल्या देवळात म्हणायचं, तेही आले नव्हते. 

त्रैक्य रविवारी खुशालरावांनी उपदेशाआधी स्वतः लिहून आणलेला निबंध वाचला. "पित्याहून पुत्र कमी नाही, पुत्राहून आत्मा कमी नाही. त्यांच्यात कोणी वर नाही, कोणी खाली नाही." हे वाचून झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं, आणि त्यांची बायको शेवटच्या बाकावरून धावत आली. एकालाही हसू आलं नाही. सवय झाली की ढोंगसुद्धा भक्तीसारखंच दिसतं.

बाप्तिस्म्याच्या पितळी भांड्यात खुशालरावांनी बाटलीबंद पाणी ओतवलं होतं. नळाचं नको म्हणे. साधना मुलीला घेऊन उभी राहिली, तिच्या बाजूला जावई, मागे कुंदा. पाळकांनी पुस्तक उघडलं. "या बाळाचा बाप्तिस्मा आधी झाला आहे काय?"

जावयानं सासूकडे पाहिलं. साधनानं खाली पाहिलं.

"झाला," कुंदा म्हणाली.

"पाळकसाहेब, नाही समजा अन् पुढं चला," पहिल्या बाकावरून खुशालराव म्हणाले.

वसंतरावांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पानं उलटली, मागे, आणखी मागे. पाळकाविना, अडचणीत दिलेल्या बाप्तिस्म्याची पानं एकमेकांना चिकटली होती, ती नखानं सोडवली. "झाला असंन तं पुस्तकात पुढं दुसरं हाय," ते पुटपुटले आणि वाचू लागले. "बाप्तिस्मा कोणी दिला?"

"म्या."

"त्या वेळी कोण हजर होते?"

"चंदा सिस्टर."

"ते हिंदू बाई हाय," खुशालराव म्हणाले.

"पुस्तकात जात नाही इचारली," पाळक म्हणाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खुशालरावांकडे न बघता वाक्य पुरं केलं. "कशाने दिला?"

"पान्यानं."

"कोणत्या शब्दांनी?"

कुंदानं तिन्ही नावं सांगितली. मोठ्यानं नाही. मशीनवर म्हणायची तशीच.

पाळकांनी पुढचं वाचलं. "मी तुम्हांस सांगतो, की या बाळाच्या बाबतीत सर्व काही योग्य रीतीने झाले आहे." त्यांनी पोरीला हातात घेतलं, कोरड्या अंगठ्यानं तिच्या कपाळावर क्रूस काढला आणि म्हणाले, मंडळीने हिला स्वीकारावे. मंडळी आमेन म्हणाली. खुशालराव खोकले. पाळकांनी प्रार्थना आखूड केली नाही.

"आता ते बाटलीचं पानी प्याले तरी द्या," इंदूबाई मागून म्हणाली. "उकडून राहिलं."

उपासनेनंतर वसंतराव रजिस्टर घेऊन बसले. 'बाप्तिस्मा देणाऱ्याचे नाव' या रकान्यात पाळकासाठीचं 'रेव्ह.' आधीच छापलेलं होतं. ते त्यांनी पट्टी ठेवून खोडलं आणि पुढं लिहिलं: कुंदा. मग वही खुशालरावांपुढं सरकवली. खुशालरावांनी पेनचं टोपण लावलं, पेन खिशात घातलं आणि चष्मा विसरून निघून गेले. बायको तो घेऊन मागं धावली.

प्राजक्ता आता अकोल्यात रांगते. सेक्रेटरीच्या सहीची जागा अजून कोरी आहे.