एक काना कमी

आमच्या सासूबाईंच्या, गवराबाईंच्या, घरात 'बंद' हा शब्द चालत नसे. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. बांगडीसुद्धा फुटत नसे, वाढत असे. महाळुंग्याहून दापोडीला बिऱ्हाड आणलं, तेव्हा जातं आणि हा नियम एकाच बैलगाडीतून आले.

पुढच्या खोलीत आमच्या ह्यांचं रेडिओदुरुस्तीचं टेबल. त्या आठवड्यात पिंपरीच्या एका कारखान्यातून रेडिओचे व्हॉल्व्ह, म्हणजे आतले काचेचे दिवे, तपासायचं यंत्र आलं होतं. धडधाकट व्हॉल्व्हलाही ते नापास करायचं. उद्यापर्यंत नीट झालं, तर ह्यांना तिथल्या मीटर दुरुस्तीच्या खोलीत कायमची नोकरी. नाहीतर पुन्हा महाळुंगे आणि नांगर. ह्यांच्या हातात नांगर म्हणजे बैलांवर अन्याय.

यंत्राच्या मागच्या खाचेत ह्यांचा पंजा जाईना, माझा जाई. हे पुढे बसून काट्यावर नजर ठेवत, एक हात विजेचा दाब वाढवायच्या खटक्यावर. दाब शून्यावर असताना मी आत हात घालून एकेक तार चाचपायची, हात बाहेर काढायची आणि म्हणायची, "वाढवा." मग हे खटका फिरवत. काटा लोळलेलाच. दुपारभर हेच चाललं होतं.

दिवेलागणीला माझा हात आत होता. सासूबाई दारात आल्या.

"आता वाढव की रं! लक्ष्मी यायची येळ झाली."

म्हणजे दुकान आवर. पण ह्यांनी मान वर न करता खटका फिरवला. मी म्हणायची 'वाढवा', त्या म्हणाल्या 'वाढव'. एक काना काय तो कमी. नवऱ्यांना तेवढं ऐकू येत नाही.

कुणीतरी हात खांद्यापासून उपटून परत बसवावा, तसं झालं. मी भिंतीवर आदळले. तोंड उघडं, आवाज नाही. हे पांढरेफटक, खटका धरून तसेच.

"बंद कर! बंद कर, मेल्या, बंद कर!"

ओरडत होत्या त्या सासूबाई.

ह्यांनी प्लग उपटला. सासूबाई माझ्याजवळ फतकल मारून बसल्या, माझा हात चोळत. "कौशे, बोल काय तरी. शिवी दे."

"कुणाला?"

"मला दे."

मी हाताकडे बघितलं. "बांगड्या वाढल्या."

"फुटल्या गं," त्या म्हणाल्या. "फुटल्याच त्या."

"हे असंच परत देतो," हे पुटपुटले. "मला नको ती नोकरी."

"गप. तिथं खाली, पत्र्यापाशी, निळं चमकलं. मी बघितलं न्हवं!"

खाली? आम्ही दुपारभर वरच्या तारा चाळवत बसलो होतो. बॅटरीचा उजेड धरून पाहिलं. एका तारेचं वेष्टण झिजून ती पत्र्याला टेकली होती. वीज वाटेतच पळून जात होती, काट्यापर्यंत पोचणार काय?

आतली वीज निवू दिली. सासूबाईंनी प्लग स्वतःच्या मुठीत घट्ट धरला. "आता घाल हात. ह्यो मी कुणाला देत न्हाई."

उजवा हात अजून बधिर होता, म्हणून डाव्या हातानं तारेला पट्टी गुंडाळली. हात बाहेर काढला. सासूबाईंनी तो दोनदा बघितला, मग प्लग दिला. ह्यांनी खटक्यावर बोटं ठेवली आणि तिथंच थांबले. माझ्या तोंडून तो शब्द निघेना.

"फिरव," सासूबाई म्हणाल्या. "तिचा हात माझ्या हातात हाय."

काटा उठला आणि उभा राहिला.

आम्ही दोघं त्याच्याकडे बघतच राहिलो. सासूबाईंनी मात्र घसा साफ केला आणि दारातल्या लक्ष्मीलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "झालं न्हवं? आता बंद कर."