तांबडे खाली, पांढरे वर

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना डबा आहे. जन्मलो बिस्किटांसाठी, ती संपली आणि माझी रवानगी कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत झाली. सरांनी माझ्या पोटात साठ तांबडे आणि चाळीस पांढरे मणी घातले आणि म्हणाले, "ही सशांची वस्ती. मणी म्हणजे जनुक." तेव्हापासून माझं डोकं गरगरतंय ते आजतागायत.

प्रत्येक सशाला एक मणी आईकडून, एक बापाकडून. म्हणून मुलं न बघता दोन मणी काढत, रंग लिहीत आणि परत टाकत. असे शंभर ससे. त्यांत दोन्ही तांबडे साधारण छत्तीस, दोन्ही पांढरे सोळा, आणि एक तांबडा-एक पांढरा असे अठ्ठेचाळीस. साठाचे साठ टक्के छत्तीस, इथवर कसंबसं उमगलं. पण ते अठ्ठेचाळीस कुठून येतात, देव जाणे! तरी सर मला "आमचा हुकमी डबा" म्हणत, आणि मी फुगून जाई.

पूर्वी सर स्वतः मला खुळखुळ्यासारखा हलवत. पुढे गुडघे दुखू लागले, तसे ते खुर्चीतूनच शिकवू लागले. यंदा सफाईला नव्या मावशी आल्या. हात मोठा टापटिपीचा.

परवा वह्या तपासताना सर एका मुलीवर कडाडले. "दोन्ही पांढरे एकाहत्तर? आकडे मनाने लिहितेस? वहीवर सही मिळणार नाही, आणि सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही, ठाऊक आहे ना?"

"सर, जे आलं तेच लिहिलं हो," ती रडवेली होऊन म्हणाली.

मी पुरता गोंधळलो. पोरगी खरं बोलत होती, मोजणीला मी साक्षी होतो. पण डब्याला तोंड असून बोलता कुठे येतं?

तेवढ्यात मावशी फडकं पिळत म्हणाल्या, "पांढरेच येणार की! मी रोज निवडून ठेवते ना. तांबडे खाली, पांढरे वर. किती छान दिसतात!"

सरांनी माझं झाकण उघडलं आणि वरचा पांढरा थर बोटाने बाजूला केला; खाली सगळे तांबडे. मग मुलीच्या वहीवर सही केली. बाकीच्या सगळ्या वह्यांत अगदी छत्तीस, अठ्ठेचाळीस, सोळा होते. त्या हातात घेऊन त्यांनी बाकीच्या मुलांना हळूच विचारलं, "मग हे कुठून आलं रे?"



मित्रांनो, खरा आकडा चुकीचा आणि खोटे बरोबर कसे, हे मला अजून कळलेलं नाही. एवढंच मागतो: मला पुसा, जपा, पण हात घालण्याआधी हलवा. आणि कुणाचा आकडा वेगळा आला, तर त्याच्याआधी माझ्यावर संशय घ्या.