दोनशे टांगले, शंभर भेटले

आमच्या वर्गात स्क्रीनवर निळं दिसलं की सगळे खूश, आणि लाल दिसलं की सरांना बोलावणं जातं. फायनाइट एलिमेंटचा हा विषय खरं तर साधा आहे. अख्ख्या वस्तूचं गणित झेपत नाही, म्हणून तिचे हजारो बारीक तुकडे कल्पायचे, प्रत्येकाचं छोटं गणित मांडायचं आणि सगळी एकमेकांना बांधून एकदम सोडवायची. सोडवतं कॉम्प्युटर, मांडायचं आपण. पण मांडण्यात रस कोणाला? शेवटी जे रंगीत चित्र उमटतं, निळं म्हणजे ताण कमी आणि लाल म्हणजे धोका, त्यावर सगळे लट्टू. भांड्याची कल्हई बघायची, तळाला भोक आहे का ते विचारायचं नाही.

या कल्हईवाल्यांचा म्होरक्या माझ्याच गटात होता. मी त्याला मनातल्या मनात रंगारी म्हणायचे. तो मला उघडपणे काकू म्हणायचा. बाळंतपणात सोडलेला हा एक विषय पुरा करायला मी परत आले होते आणि मुळात शिक्षणच उशिरा सुरू केल्याने वर्गात सगळ्यांहून सात वर्षांनी मोठी होते, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

आम्हाला काम मिळालं ते विद्यापीठाच्याच पाळणाघराचं. तिथे छताच्या तुळईला चार बोल्टांनी एक लोखंडी प्लेट बसणार, तिच्या मधल्या हुकाला झोपाळा. मूल बसलं, दुसरं लोंबकळलं, वर हिसके, असं सगळं धरून दोनशे किलोचा भार. प्लेट गुरुवारी वर्कशॉपमध्ये तयार होणार होती आणि सोमवारी टांगली जाणार होती. माझी अडीच वर्षांची लेक दहा ते चार त्याच पाळणाघरात असते. झोपाळा येणार हे तिथल्या ताईंनी सांगितल्यापासून ती जेवतानाही पाय हलवत बसायची.

रंगाऱ्याने मॉडेल एका दुपारीत उरकलं. प्लेट निळी, कडेला थोडी हिरवी, हुकापाशी पिवळसर.

"ताण एकशे पस्तीस," तो खुर्चीत रेलून म्हणाला. "पोलाद अडीचशेपर्यंत टिकतं. निवांत."

"बोल्टांवर किती भार आलाय ते दाखव."

"ते कशाला, काकू?"

"बघू तरी."

तो तक्ता कोणी उघडत नाही, कारण त्याला रंग नसतो. त्याने माझ्यावर उपकार केल्यासारखा उघडला. चार बोल्ट, प्रत्येकावर पंचवीस किलो. मी बोटांवर बेरीज केली. त्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही.

"दोनशे टांगले आणि शंभर भेटले. बाकीचे शंभर कुठे गेले रे?"

"सॉफ्टवेअर चुकत नाही."

"नाहीच चुकत. ते तुझं ऐकतं."

चूक शोधायला दहा मिनिटं लागली. दोन्ही बाजू सारख्या असलेली वस्तू मधोमध कापून अर्धीच सोडवायची आणि भारही अर्धा द्यायचा, हे सरांनी आदल्या आठवड्यात शिकवलं होतं. रंगाऱ्याने त्या धड्याची सरांची फाईलच उचलली होती. मॉडेलमध्ये प्लेट कापायला गेल्यावर एरर आला, म्हणून पठ्ठ्याने अख्खीच ठेवली. भार मात्र अर्धाच राहिला. म्हणजे खरा ताण दोनशे सत्तर, अडीचशेच्या वर.

मी सरांकडे गेले. मागोमाग तोही आला.

"तुकड्यांची जाळी आणखी बारीक करून पाहिलीत?" सरांनी विचारलं.

"तीनदा केली, सर. आकडा हलला नाही," रंगारी म्हणाला.

"मग झालं की."

चुकीचं गणित कितीही बारीक दळलं तरी चुकीचंच पीठ पडतं, हे त्यांना मी काय सांगायचं? मी बोल्टांचा कागद पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पण कागदाकडे पाहिलं नाही.

"घरचं सगळं सांभाळून येता, कौतुक आहे. पण लहान मुलांच्या आयांना सगळीकडे धोकाच दिसतो."

मी कागद उचलला आणि थेट वर्कशॉपमध्ये गेले. तिथे वाद घातला असता तर विषय पुन्हा सुटला असता.

वर्कशॉपचे फोरमन मात्र कागद वाचणारे निघाले. प्लेट कापून झाली होती. त्यांनी चार ओळी वाचल्या, बोटाने बेरीज केली.

"ताई, हे शंभरच होतात."

"तेच तर म्हणते, काका. टांगून बघाल?"

त्यांनी प्लेट चौकटीला आवळली आणि हुकाला वजनं लावत गेले. दोनशे झाल्यावर थोडं थांबून उतरवली. मग प्लेटवर सरळ पट्टी आडवी धरली. पट्टीखालून उजेड दिसत होता. प्लेट वाकली होती आणि परत सरळ व्हायचं नाव घेत नव्हती.

त्यांनी ती वाकडी प्लेट सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली, प्लेटला मंजुरी देणाऱ्या सह्यांच्या कागदावर. सरांनी ती दोनदा उलटीसुलटी केली.

"म्हणूनच मी सांगतो, प्रत्यक्ष चाचणी हवीच," ते रंगाऱ्याला म्हणाले. असं त्यांनी आम्हाला कधीही सांगितलं नव्हतं. रंगाऱ्याने मान डोलावून ते वहीत लिहूनही घेतलं.

नवी प्लेट दुप्पट जाडीची झाली. जाडी दुप्पट केली की असा ताण चौथाईवर येतो. ते मी हाताने काढून दिलं, फोरमनकाकांनी कापलं आणि पुन्हा दोनशे टांगून पट्टी धरली. या वेळी पट्टीखाली काळोख. रंगाऱ्याने नवं चित्र काढलं, अख्खं निळंशार, आणि अहवालाच्या पहिल्या पानावर चिकटवलं. त्याला सर्वांत वरची श्रेणी मिळाली, मला त्याखालची. शेऱ्यात लिहिलं होतं, 'सादरीकरणात रंगांचा वापर कमी.'

सोमवारी झोपाळा लागला. ताई पहिल्यांदा माझ्या लेकीलाच उचलायला वाकल्या. मी त्यांना थांबवलं आणि आधी स्वतः बसले, मग तिला मांडीवर घेतलं. रंगारी दारातून बघत होता.

"काकू, आता तरी विश्वास ठेवा की."

"ठेवलाय," मी म्हटलं, "काकांच्या पट्टीवर." आणि दोन्ही पाय उचलले.