जमुनाबाईंच्या तोंडातलं खिंडार

वरचे समोरचे दोन दात नाहीत म्हणून जमुनाबाई तोंडाला पदर लावून हसत असतील, असं ज्याला वाटतं त्यानं त्यांना पाहिलेलंच नाही. त्या मान मागे टाकून खदखदून हसायच्या, आणि समोरच्याची नजर त्या खिंडारावर गेली की मनातून खूश व्हायच्या. आता हा विचारणार, आणि आपण सांगणार! एसटीचा कंडक्टर असो की लग्नात शेजारी बसलेली बाई, जमुनाबाईंचे दात कसे गेले हे ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती.

दात कबड्डीत गेले होते. अमरावतीला अंतिम सामना, नांदगाव खंडेश्वरच्या पोरी विरुद्ध बाळापूरच्या. जमुनाबाई तेव्हा वीस वर्षांच्या. चढाईला आलेल्या बाळापूरच्या पोरीचा घोटा त्यांनी धरला, तिची दुसरी टाच तोंडावर बसली, दोन दात मातीत गेले, पण घोटा सुटला नाही. नांदगाव जिंकलं. ढाल मंडळाच्या कपाटात गेली, फोटो कुणी काढला नाही, आणि संघातल्या पोरी लग्न होऊन चार गावांना पांगल्या. उरलं काय, तर हे खिंडार. पुरावा म्हणाल तर तेवढाच, आणि जमुनाबाई तो जिवापाड जपत आल्या होत्या.

पुरावा लागायचा, कारण घरातच विश्वास नव्हता. नवरा रामराव सगळ्यांसमोर म्हणायचे, "हिरीच्या पायरीवर पडली असन." मुलगा अंकुर तसं बोलायचा नाही, पण आईनं गोष्ट सुरू केली की तो मोबाइल काढायचा. ते जमुनाबाईंना जास्त लागायचं.

यंदा मात्र भाकरी चावताना दुखायला लागलं. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात आत कलले होते. अंकुर अकोल्याला नोकरीला, तो आईला तिथल्या डॉक्टर रुबीनाकडे घेऊन गेला. पोरगी हसतमुख होती, बोलायला आपल्यातलीच.

"मावशी, जागा भरली नाई तर बाजूचेही जातीन," ती म्हणाली. "तीन रस्ते हायेत. एक म्हंजे काढता-घालता येनारी प्लेट. रात्री काढून पान्यात ठेवाची. दुसरा ब्रिज, त्याच्यासाठी बाजूचे दोन चांगले दात घासा लागतात."

"चांगल्या दाताले कायले हात लावतं?"

"म्हनूनच तिसरा सांगतो. हाडात स्क्रू बसवाचा अन् त्याच्यावर दात. हाड किती उरलं ते पाहा लागन, चार-सहा मयने जातीन, पन ते पक्के."

"रोज काढता येते ते पयलं ना? तेच दे मंग."

अंकुरनं कपाळाला हात लावला. "आई, पक्के बसव ना. कायले रोज काढत-घालत बसतं?"

"कोनी इचारलं तर दाखवाले नको काय?"

"काय दाखवाले?" रुबीनानं विचारलं, आणि ती फसली. जमुनाबाई खुर्चीतच सरसावून बसल्या. घोटा, टाच, माती, रक्त, सगळं झालं. अंकुरनं मोबाइल काढला.

"अन् ते बाळापूरची पोरगी, बेटा, निरी म्हशीवानी! एकेक मांडी खांबाएवढी!"

रुबीनानं हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला. "थांबा मावशी," ती म्हणाली, आणि जिन्यापाशी जाऊन तिनं हाक मारली, "अम्मी, जरा खाली येता काय? बाळापूरच्या कबड्डीचं काम हाये!"

ती पोरगी म्हणजे हिची आईच, हे जमुनाबाईंना उमगलं. म्हैस म्हटल्याचं वाईट वाटलंच, पण खरी भीती वेगळी होती. इतकी वर्षं त्या एकट्याच सांगत होत्या. आता ही बाई येऊन म्हणाली, 'कोन ही? असं काई झालंच नाई,' तर अंकुरसमोर सगळंच संपलं. मग खिंडार असलं काय आणि बुजलं काय.

खुर्शीदबी खाली आल्या. हडकुळ्या, चष्मा लावलेल्या, हाताला कणीक, उंची जमुनाबाईंच्या खांद्याइतकीही नाही. अंकुरनं त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. जमुनाबाईंनी नजर छताकडे वळवली.

"अम्मी, ह्या नांदगावच्या. यांचं तोंड पाहा."

खुर्शीदबींनी आधी चेहरा पाहिला. काही ओळख पटेना. मग वाकून त्यांनी ते खिंडार पाहिलं, आणि हळूच स्टुलावर बसल्या.

"तूच काय वं ते?"

जमुनाबाईंनी नुसती मान हलवली. खुर्शीदबी अंकुरकडे वळल्या.

"बेटा, मी लाथ मुद्दाम नोती मारली, सुटाले मारली. वाटलं, आता सोडन. तुह्या मायचं रगत माह्या पायावर सांडून राह्यलं होतं, गरम गरम, पन हे सोडेच ना. रेषा एक वीत राह्यली होती. माहा दम तुटला, सीटी झाली, तरी हात सुटेना. शेवटी पंचानं येऊन इचं एकेक बोट सोडवलं, तवा माहा पाय मोकळा झाला."

पंचाचं हे जमुनाबाईंना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी गोष्टीला पुष्कळ मीठमसाला लावला होता, आणि नेमकं हेच त्यात नव्हतं.

"हरलो त्याचं दुख नाई वाटलं मले," खुर्शीदबी म्हणाल्या. "घरी सांगतलं, कोनासंगं हरलो ते तर पाहा. या रुबीनाले जेवू घालताना तेच सांगो."

जमुनाबाईंचे डोळे भरून आले. "म्हशीवानी म्हनलं वं मी तुले."

"वरपर्यंत आयकू आलं मले. हत्तीन म्हना लागत होतं!"

दोघी हसल्या. ढाल उचलली त्या दिवशीही जमुनाबाईंची छाती इतकी फुलली नव्हती. त्यांनी रुबीनाचा हात धरला. "बेटा, ते पक्केवाले बसव."

"मंग कोनी इचारलं तर काय दाखवसान?"

"आता कायले दाखवाचं? सांगाले तुही माय हाये ना."

रुबीनानं आधी जबड्याचं माप घ्यायचं ठरवलं. लगद्यानं भरलेला साचा तोंडात बसला आणि जमुनाबाईंचं बोलणं बंद झालं. दाराबाहेर अंकुर फोनवर मोठमोठ्यानं बोलत होता.

"बाबा, हीर-गीर काई नाई! पंचाले एकेक बोट सोडवा लागलं, एकेक! मी सोता आयकलं. थांबा, पयल्यापासून सांगतो."

आणि त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली.