कायमची अमेरिकेला

व्हिसा मिळायच्या आधीच पारोळ्याच्या चौकात माझा फ्लेक्स लागला. लावणारे रुपचंद काका, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. फ्लेक्सचं दुकान स्वतःचंच, त्यामुळे त्यांना हात आवरत नाही. गावात कुणाची म्हैस व्यायली तरी हा माणूस शुभेच्छुकांचे फोटो गोळा करील. माझ्या मागे विमान उडत होतं आणि खाली ठळक अक्षरात मजकूर होता, 'आमची लाडकी कन्या कु. पुनम कायमची अमेरिकेत स्थायिक होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.'

मी चालले होते एका वर्षासाठी. धुळ्याला अ‍ॅग्रीची डिग्री झाली आणि तिकडच्या एका मोठ्या ग्रीनहाऊसमध्ये इंटर्न म्हणून जागा मिळाली. टोमॅटो-वांग्याच्या रोपांवर कलम कसं बांधतात ते शिकायचं आणि घरी यायचं. आबांची, म्हणजे वडिलांची, रोपवाटिका आहे, ती मला मोठी करायची होती. या व्हिसाला साहेब लोक खोदून खोदून एकच विचारतात, परत जाणार ना? तिथे शंका आली की संपलं.

मी काकांवर अशी उखडले की दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर गेली. काका नुसते हसले. म्हणाले, "वरीसभरासाठी कोनी फ्लेक्स लावस का?"

व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला आबा सोबत आले. अमेरिकन वकिलातीत त्यांना सोडत नाहीत आणि फोनही नेऊ देत नाहीत, म्हणून माझा फोन घेऊन ते रस्त्यापलीकडे उभे राहिले. खिडकीतला साहेब तरुण होता, बोलायला गोड. ग्रीनहाऊसचं विचारून झालं आणि मग त्याने स्क्रीनकडे बघत विचारलं, "तुम्ही कायमच्या येताय का? तुमच्या फेसबुकवर तसं आहे."

फ्लेक्सचा फोटो टाकून काकांनी मला टॅग केलं होतं. फेसबुक मी कधीच उघडत नाही, पण फॉर्मात खातं इमानदारीने लिहिलेलं.  थाप मारायला सुचेना, म्हणून खरं तेच सांगितलं.

"सर, आमच्याकडे फ्लेक्स आधी लागतो, गोष्ट नंतर घडते. ज्यांनी हा लावला, ते नगरपालिकेला उभे होते. मतमोजणीच्या आधीच त्यांचा 'प्रचंड मतांनी विजयी' लागला होता."

"मग निवडून आले?"

"डिपॉझिट गेलं, सर."

साहेब हसला, पण सोडलं नाही. "मग तुम्ही परत का जाल?"

"आमची रोपवाटिका आहे. वडील एकटे आहेत. ते माझी वाट बघतील."

त्याने पासपोर्ट ठेवून घेतला. व्हिसा मंजूर.

मी उड्या मारायच्याच बाकी होते. रस्ता ओलांडला, आबांना सांगितलं आणि लगेच काकांच्या नावाने सुरू झाले. त्या एका शब्दाने माझं वाटोळं होत होतं, गावी गेल्यावर बघतेच त्यांना, वगैरे. आबा खाली बघत होते.

"रुपचंदले नको बोलू," ते म्हणाले. "'कायमची' मीच लिखाले सांगेल व्हतं."

"तुम्ही? का?" मी विचारलं.

"आठे काय शे, माय? ऊन, नही तं पानीनी बोंब. तू तठेच ऱ्हाय. मना इचार नको करू."

इतका राग मला आबांचा कधी आला नव्हता, आणि इतकी मायाही. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. हा माणूस मला कायमची धाडायला निघाला होता, मला न विचारता, चौकात फ्लेक्स लावून.

"तू त्या साहेबले काय सांगं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही माझी वाट बघणार, म्हणून परत येणार."

 ते म्हणाले, "खोटं तं नही बोलनी?"

"नही, आबा."

त्यांनी खिशातून माझा फोन काढून माझ्या हातात दिला. "रुपचंदले फोन लाव," ते म्हणाले. "त्याले म्हन, फ्लेक्स काढ." आणि रुमालाने डोळे पुसत माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.